ट्यूबवरच्या ‘नॅनो’चा पुरावा मागा

प्रति,
केंद्राचे आणि राज्याचे औषध नियंत्रक

विषय : त्वचेवर लावायच्या बुरशीविरोधी नॅनो जेलांची तपासणी, साठवण आणि लेबल

महोदय,

मृगाच्या सरी पडल्या की नागपुरात गजकर्णाचे रुग्ण वाढू लागतात. कूलरची दमट हवा, घामाने अंगाला चिकटलेली जीन्स, घरभर फिरणारा एकच टॉवेल, आणि तिकडे भंडारा-गोंदियात रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या पाण्यात बुडालेले पाय. बुरशीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. अशा वेळी सीताबर्डीच्या दुकानात किंवा गांधीबागेच्या दवाबाजारात जी ट्यूब हाती पडते, तिच्यावर आता ‘नॅनो’ हा शब्दही दिसू लागला आहे. त्या शब्दाकडे बघून रुग्ण साध्या मलमापेक्षा जास्त पैसे मोजतो. ट्यूबमधले कण खरोखर नॅनो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात (नॅनोमीटरमध्ये) मोजावेत इतके बारीक आहेत का, आणि मे महिना काढल्यावरही ते तसेच राहिले का, हे त्याला सांगणारे कोणी नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

आम्ही नागपुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे, फॉर्म्युलेशनच्या प्रयोगशाळेत काम करणारे आणि काउंटरवर औषध देणारे लोक आहोत. नॅनो वाहकांना, म्हणजे औषध पोटात धरून त्वचेत पोचवणाऱ्या या बारीक कणांना, आमचा विरोध नाही. आमच्या कामाचा मोठा भाग याच वाहकांवर चालतो आणि ती वापरण्याजोगी विद्या आहे, असे आमचे मत आहे. पण नीट बनवलेले जेल आणि नुसता शब्द छापलेले जेल यांत फरक करणारी तपासणीच नसेल, तर नीट बनवणाऱ्याने महागड्या प्रक्रियेचा खर्च का करावा? अशाने चांगले जेल बाजारात टिकणार नाही, आणि पुढे डॉक्टरांचा या सगळ्याच प्रकारावरचा विश्वास उडेल. आमचा स्वार्थ म्हणाल तर एवढाच.

वाहक लागतो कशाला, हे आधी सांगतो, कारण पत्र आपल्यासाठी असले तरी वाचणारे इतरही असतील. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जाडीला जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर. मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी आम्लांचा चुना, अशी ही भिंत. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) जड रेणू तिच्यात शिरताना अडखळतो. बुरशीविरोधी औषधांपैकी टर्बिनाफिन २९१, क्लोट्रिमॅझोल ३४५ आणि लुलिकोनॅझोल ३५४ डाल्टनचे, म्हणजे आकाराने चालण्यासारखे. त्यांची अडचण वेगळी : पाण्यात ते नीट विरघळत नाहीत, आणि मलमात स्फटिक होऊन बसले की त्वचेवर नुसतेच पडून राहतात. कीटोकोनॅझोल ५३१ चे, इट्राकोनॅझोल ७०६ चे, आणि अँफोटेरिसिन बी तर ९२४ डाल्टनचे. अशा औषधांना लिपोसोम (लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, पापुद्र्याच्या सूक्ष्म पिशव्या), लिपिडचे नॅनोकण, नॅनोइमल्शन (पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब) किंवा एथोसोम (इथेनॉल घातलेले लिपोसोम) यांचा आधार देण्यात नक्कीच अर्थ आहे.

विदर्भाला तर हे समजावून सांगण्याची गरजच नसावी. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत साधे अँफोटेरिसिन आणि लिपोसोमचे अँफोटेरिसिन यांत किडनीला होणाऱ्या इजेचा केवढा फरक आहे, हे इथल्या घराघरांत कळले. त्याच महिन्यात वर्ध्यात अँफोटेरिसिन बी इमल्शनची इंजेक्शने बनू लागली. तेव्हा लिपोसोम वेगळा आणि इमल्शन वेगळे, हे नातेवाईकसुद्धा चिठ्ठीवर वाचून विचारत होते. शिरेतून द्यायच्या औषधात वाहकाचा प्रकार आणि त्याचा दर्जा याला जेवढे महत्त्व देतो, त्याच्या निम्मे तरी त्वचेवरच्या जेलला मिळायला हवे.

आता मुद्द्याचे. जेल बनवताना काय बिघडते ते सांगितल्याशिवाय आमच्या मागण्या अवाजवी वाटतील.

लिपिड नॅनोकणांची एक नेहमीची पद्धत घ्या. ग्लिसरिल बेहेनेट हे घट्ट लिपिड ७ भाग आणि ओलेइक आम्ल हे पातळ लिपिड ३ भाग ८० अंशांना वितळवायचे आणि त्यात औषध विरघळवायचे. दुसरीकडे २ टक्के पोलोक्सॅमर १८८ किंवा ट्वीन ८० (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे सर्फॅक्टंट) घातलेले पाणी त्याच तापमानाला आणायचे. दोन्ही एकत्र करून मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर १० मिनिटे घुसळायचे, मग ५०० बार दाबाने होमोजिनायझरमधून, म्हणजे अरुंद फटीतून ढकलून कण बारीक करणाऱ्या यंत्रातून, ३ ते ५ वेळा काढायचे आणि ढवळत थंड करायचे. पाणी लिपिडपेक्षा थंड असेल तर लिपिड जागीच थिजून गुठळ्या होतात. होमोजिनायझरमधून गरजेपेक्षा जास्त वेळा काढले तर कण लहान होण्याऐवजी एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे होतात. होमोजिनायझर नाही म्हणून ध्वनिलहरींनी कण फोडणारा प्रोब सोनिकेटर वापरला तर प्रोबच्या टोकाचा टायटॅनियमचा चुरा डिस्पर्शनमध्ये, म्हणजे कण पसरलेल्या त्या पाण्यात, उतरतो, आणि तो काढावा लागतो. हे सगळे सांभाळून पुन्हा पुन्हा तेच माप मिळवणे हे कौशल्याचे काम आहे. पाच मिलिलिटरला जमले म्हणून पन्नास किलोच्या बॅचला जमेल असे नसते.

यानंतर येतो तो हिशोब, ज्याकडे फारसे कोणी बघत नाही. लुलिकोनॅझोलचे १ टक्का जेल १०० ग्रॅम बनवायचे, म्हणजे औषध १ ग्रॅम. लिपिडच्या वजनाच्या १० टक्के औषध कणांत मावले तरी काम चांगले झाले असे समजतात. तेव्हा १ ग्रॅम औषधाला १० ग्रॅम लिपिड हवे. कणांचे डिस्पर्शन आणि कार्बोपॉलचे (पाण्यात फुगून जेल बांधणाऱ्या पॉलिमरचे) जेल निम्मे-निम्मे मिसळायचे ठरवले, तर ५० ग्रॅम डिस्पर्शनमध्ये लिपिड आणि औषध मिळून ११ ग्रॅम, म्हणजे २२ टक्के. इतके दाट डिस्पर्शन थंड होताना खिरीसारखे आळते आणि कण एकमेकांत मिसळतात. यावर दोन वाटा उरतात. एक, औषधाचे प्रमाण कमी ठेवायचे. अनेक प्रबंधांतली जेले म्हणूनच अर्धा टक्का किंवा त्याहून कमी औषधाची असतात. दुसरी, थोडे औषध कणांत भरायचे आणि उरलेले प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून तसेच जेलमध्ये ओतायचे. एकूण भरते १ टक्का. लेबल खोटे ठरत नाही, पण जेलमधला नॅनो भाग किती हे बनवणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही.

‘औषधाचा ९५ टक्के भाग कणांत अडकला आहे’ असा आकडा दाखवला जातो तेव्हाही सावध राहावे लागते. नेहमीची रीत अशी : डिस्पर्शन फिल्टरच्या नळीत सेंट्रिफ्यूज करायचे, खाली आलेल्या पाण्यात मोकळे औषध किती ते मोजायचे, बाकीचे कणांत आहे असे धरायचे. पण औषध मुळात पाण्यात विरघळतच नसेल तर कणांबाहेरचे औषध स्फटिक होऊन कणांबरोबर वरच राहते. खालचे पाणी स्वच्छ, आकडा उत्तम, आणि नळीत मात्र साध्या औषधाचा चुरा. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर हे स्फटिक चमकताना दिसतात. हे बघायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

कण बनले, आता जेल. १ टक्का कार्बोपॉल ९८० रात्रभर पाण्यात फुगवायचे, ट्रायइथेनॉलअमीनचे थेंब टाकून सामू ५.५ ते ६.५ वर आणायचा, आणि डिस्पर्शन हळूहळू मिसळायचे. घाईने ढवळले की हवेचे बुडबुडे अडकतात आणि ट्यूबमध्ये भरताना वजन चुकते. खरी अडचण भारांची आहे. कार्बोपॉल ऋणभारित, टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड धनभारित. दोघे एकमेकांना धरतात, जेल पातळ पडते किंवा दाणेदार होते. कायटोसान या धनभारित पॉलिमरचे कण तर कार्बोपॉलमध्ये दह्यासारखे फाटतात. शिवाय घामातल्या मिठाने कार्बोपॉल सैल पडते, त्यामुळे जांघेत लावलेले जेल प्रयोगशाळेतल्या कोरड्या पट्टीवरच्या जेलसारखे वागत नाही.

आणि नेमके इथेच मोजणी थांबते. कणांचे माप डिस्पर्शनचे घेतात. जेल झाल्यावरचे माप प्रबंधातही क्वचित असते. आमच्याच महाविद्यालयांतल्या कामांबद्दलही हे आम्ही म्हणतो. रुग्ण डिस्पर्शन लावत नाही, जेल लावतो. जेलमधले माप काढणे सोपे नाही, हे मान्य. प्रकाशाच्या विखुरण्यावरून माप काढणाऱ्या यंत्रात जेल बरेच पातळ करून टाकावे लागते, आणि तेव्हा कार्बोपॉलचे फुगलेले गोळेही कण म्हणून नोंदले जातात, सर्फॅक्टंटचे मिसेल दहा-एक नॅनोमीटरला वेगळी टेकडी दाखवतात. यावर उपाय माहितीतला आहे : औषध आणि लिपिड न घातलेले कोरे जेल त्याच पद्धतीने मोजायचे, दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे, आणि शंका राहिली तर क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. सरासरी मापाबरोबर कणांच्या मापातली तफावत सांगणारा पीडीआय द्यायचा. तो ०.३ च्या वर गेला तर सरासरीला फारसा अर्थ उरत नाही.

आणखी एक चूक खोलवर रुजलेली आहे. फ्रान्झ सेलमध्ये (वर जेल, मध्ये कातडी आणि खाली द्रव अशी काचेची कुपी) कातडीतून पार होऊन खालच्या द्रवात जास्त औषध आले की जेल श्रेष्ठ, असे समजले जाते. गजकर्णाची बुरशी राहते कुठे? केराटिन खात स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये, आणि लवेच्या केसांच्या मुळांत. औषध तिथेच साठून राहायला हवे. पार होऊन खाली गेलेले औषध रक्ताकडे निघालेले औषध आहे. त्याचा बुरशीला काहीच त्रास नाही. तेव्हा मोजायचे ते कातडीत राहिलेले औषध : डुकराच्या कानाची कातडी, ठरावीक वजनाचे जेल, ठरलेल्या वेळेनंतर वरचे जेल पुसायचे, चिकटपट्टीने थर ओढून काढायचे, पहिली पट्टी टाकून द्यायची, बाकीच्या पट्ट्यांतले आणि उरलेल्या कातडीतले औषध वेगवेगळे काढून एचपीएलसीवर, म्हणजे औषध वेगळे करून त्याचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर, मोजायचे. कण जितके लहान तितके चांगले, हाही समज सरसकट खरा नाही. केसांच्या मुळांशी काहीशे नॅनोमीटरचे कण अगदी बारीक कणांपेक्षा जास्त साठतात, असे दिसून आलेले आहे. आणि लिपिडचे कण अखंड रूपात त्वचेच्या आत चालत जातात असेही नाही. बहुतेक ते वर बारीक पापुद्रा धरतात, ओलावा कोंडतात, त्यांचे लिपिड त्वचेच्या लिपिडात मिसळते आणि औषध त्या वाटेने आत सरकते. हा कोंडलेला ओलावा टाचेवर उपकारक. जूनमधल्या जांघेत तो कातडी पांढरी आणि ओली करून ठेवू शकतो. एथोसोममध्ये २० ते ४५ टक्के इथेनॉल असते. खाजवून सोललेल्या कातडीवर ते आग करते, आणि रुग्ण तिसऱ्या दिवशी ट्यूब बाजूला ठेवतो. कागदावर सर्वोत्तम ठरलेले जेल असे घरात हरते.

आता नागपूरचा उन्हाळा. या पत्राचा जीव इथे आहे.

स्थिरतेची चाचणी ३० अंशांना दीर्घकाळ, व ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने, अशी करतात. दोन्ही तापमाने स्थिर. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. नवतपात दुपारी रस्त्यावर उभ्या असलेल्या बंद टेम्पोत, टिनपत्र्याच्या गोदामात, किंवा एसी रात्री बंद होणाऱ्या दुकानाच्या वरच्या फळीवर किती होत असेल, याचा अंदाज इथल्या कोणालाही करता येईल. शिवाय ते स्थिर नसते. दुपारी चढते, पहाटे उतरते, आणि हे महिनाभर रोज.

या चढउतारात वाहक मोडतो. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट किंवा ग्लिसरिल पाल्मिटोस्टिअरेट ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळतात. त्यात ओलेइक आम्ल मिसळले की वितळबिंदू आणखी खाली येतो. दुपारी कण मऊ पडतात, रात्री सावकाश थिजताना लिपिडचे स्फटिक अधिक नीटनेटके जुळतात, आणि नीटनेटक्या स्फटिकात औषधाला जागा उरत नाही. ते बाहेर फेकले जाते. सोया लेसिथिनच्या लिपोसोमचे दुखणे वेगळे. उष्णतेने लेसिथिन ऑक्सिजन घेते, पिवळे पडते, खवट वास येतो, सामू उतरतो. नॅनोइमल्शनमध्ये ट्वीनसारख्या सर्फॅक्टंटची पाण्यावरची पकड तापमानाबरोबर सुटते आणि थेंब एकत्र येतात. एथोसोममधले इथेनॉल ट्यूबच्या नीट न दाबलेल्या कडेतून उडून जाते. ट्यूब उघडताच तोंडाशी तेलाचे कडे दिसणे, बोटाला रवाळ लागणे, खवट वास येणे, आधी पाणी मग जेल बाहेर येणे, ही त्याची घरबसल्या ओळखता येणारी चिन्हे.

आणि यानंतरही ती ट्यूब प्रयोगशाळेत पास होईल! कारण नमुन्यात औषधाचे प्रमाण बघतात. कण फुटले तरी औषध कुठे जात नाही. ते १ टक्काच भरते. एनएसक्यूचा, म्हणजे ‘दर्जा प्रमाणित नाही’ असा, शेरा बसत नाही. रुग्णाने पैसे ज्यासाठी दिले ती गोष्ट संपलेली असते, आणि अहवाल स्वच्छ असतो.

यावरून आमच्या तक्रारी.

पहिली कायद्याची. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ मध्ये मंजूर औषधाच्या नव्या वहनपद्धतीला ‘नवे औषध’ म्हटले आहे. इतर बहुतेक नवी औषधे चार वर्षांनी नवी राहत नाहीत, ही मात्र कायमच नवी समजायची, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय साध्या मलमासारखा राज्याचा परवाना यांना पुरत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांनी नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. १ ते १०० नॅनोमीटर, आणि मापामुळे गुणधर्म बदलत असतील तर १००० नॅनोमीटरपर्यंत, अशी व्याख्या त्यांत आहे. एवढे असताना दुकानात उभ्या असलेल्या फार्मासिस्टला हातातली ट्यूब त्या परवानगीची आहे की नाही, हे ट्यूब बघून कळण्याची सोय नाही. परवानगी असेल तर ती दिसू द्या. नसेल तर तो शब्द लेबलवर कसा?

दुसरी किंमतीची. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीचे तत्त्व असे, की लिपोसोम किंवा तत्सम नव्या वहनपद्धतीचे औषध, यादीत तसे नमूद असेल तरच यादीतले धरायचे. साध्या क्लोट्रिमॅझोल क्रीमला या यादीमुळे कमाल किंमत लागू होते. तेच औषध नॅनो म्हटले की त्या मर्यादेबाहेर जाण्याची वाट मोकळी होते. खऱ्या नवकल्पनेला ही सवलत योग्यच आहे, पण मग पुरावाही तितकाच खरा मागायला हवा. रुग्णाच्या बाजूने हिशोब करून बघा. बोटाच्या एका पेरावर मावते अर्धा ग्रॅम मलम, आणि ते बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गजकर्ण सहा तळहात पसरले असेल तर एका वेळी दीड ग्रॅम, दिवसातून दोनदा ३ ग्रॅम, चार आठवड्यांत ८४ ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब चौथ्या दिवशी संपते. रोजमजुरी करणारा माणूस महागडे जेल मग चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर लावत नाही, नुसत्या चट्ट्यावर टेकवतो, आणि खाज थांबली की सोडून देतो. अर्धवट उपचार झालेली बुरशी परत येते.

तिसरी बुरशीची. आज देशभर त्रास देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. तिच्यातल्या अनेक वाणांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या जनुकात बदल झालेला आहे, आणि टर्बिनाफिन नेमके याच विकरावर काम करते. कुलूपच बदलले असेल तर किल्ली चांदीच्या डबीत आणून काय होणार? वाहकामुळे जागेवर औषधाचे प्रमाण वाढून काही प्रमाणात फायदा होईलही, पण तो अशा वाणांवर दाखवायला हवा. ‘प्रतिरोधक बुरशीवरही प्रभावी’ ही ओळ त्याशिवाय छापू देऊ नये.

चौथी स्टिरॉइडची, आणि ही थोडक्यात. त्वचेवरच्या १४ स्टिरॉइडना २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली गेली, तरी क्लोबेटासॉल हे तीव्र स्टिरॉइड मिसळलेली मलमे गजकर्णावर सर्रास लावली जातात. वाहक बुरशीविरोधी औषधाला आत नेतो तसाच स्टिरॉइडलाही नेतो. त्याला आपले-परके कळत नाही. जांघेतली पातळ कातडी आणि त्यावर नॅनो जेलमधले स्टिरॉइड, यातून कातडीवर कायमचे पट्टे आणि रूप बदललेले, ओळखू न येणारे गजकर्ण एवढेच हाती लागेल.

आमच्या मागण्या अशा.

१. नॅनो, नॅनोइमल्शन, लिपोसोम, एथोसोम यांपैकी कोणताही शब्द छापलेल्या आणि केंद्राची परवानगी असलेल्या त्वचेवरच्या सगळ्या औषधांची यादी संकेतस्थळावर टाका, आणि परवानगीचा क्रमांक ट्यूबवर छापायला लावा. यादीत नसलेल्या मालाच्या लेबलवरून तो शब्द ठरावीक मुदतीत काढायला लावा.

२. कणाचे माप आणि पीडीआय तयार जेलमधले, कोऱ्या जेलशी तुलना करून, बॅच सुटताना आणि मुदत संपताना असे दोन्ही वेळचे मागा. कणांत किती टक्के औषध आणि बाहेर किती, हे स्फटिकांच्या तपासणीसह मागा. वाहकाचा प्रकार आणि साठवणीचे तापमान ट्यूबवर मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत असू द्या.

३. साध्या, त्याच टक्क्याच्या क्रीमशी तुलना सक्तीची करा. फ्रान्झ सेल ३२ अंशांवर, किमान सहा-सहा सेल, खालच्या द्रवात औषध पुरेसे विरघळते याचा पुरावा, सुटलेल्या औषधाची वेळेच्या वर्गमुळावर काढलेली रेषा आणि तिचा उतार. साध्या फॉस्फेट बफरमध्ये हे करू नये, कारण अशा औषधांना तिथे विरघळायला जागाच नसते. आणि त्यात इथेनॉल इतकेही ओतू नये की ते उलटे वर चढून कणच विरघळवील. सोबत कातडीत साठलेल्या औषधाचे आकडे. पार गेलेल्या औषधाचा आकडा श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून स्वीकारू नका.

४. ४० अंशांच्या स्थिर चाचणीखेरीज चढउताराची चाचणी ठेवा : १२ तास २५ अंशांवर, १२ तास ५० अंशांवर, अशी किमान १५ आवर्तने, आणि त्यानंतर कणांचे माप, स्फटिक, सामू आणि औषध सुटण्याचा वेग पुन्हा. जे जेल यात टिकणार नाही ते विकू नका असे आमचे म्हणणे नाही. त्याला थंड साखळी लावा, तसे छापा, आणि घाऊक गोदामापासून दुकानापर्यंत तापमानाची नोंद ठेवायला सांगा.

५. नमुने कारखान्याच्या दारात घेऊ नका. मे अखेरीस आणि जूनमध्ये नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या दुकानांच्या फळीवरून घ्या, आणि त्याच बॅचचा थंड जागी ठेवलेला नमुना शेजारी ठेवून दोन्हींचे निकाल प्रसिद्ध करा.

६. बुरशीविरोधी औषध आणि स्टिरॉइड यांच्या नॅनो मिश्रणाला परवानगी देऊ नका.

हे खर्चिक आहे, प्रयोगशाळांत यंत्रे नाहीत, माणसे कमी आहेत, असे उत्तर येईल. कण मोजणारे यंत्र, फ्रान्झ सेल, एचपीएलसी नागपूरच्या परिसरातल्या शिक्षणसंस्थांत आहे. ते वर्षातले कितीतरी दिवस प्रबंधांपुरतेच चालते. मान्यतेची पद्धत ठरवून द्या, नमुने सीलबंद पाठवा, कोणत्या कंपनीचे हे आम्हाला कळूही देऊ नका. कोरे जेल बनवून देणे, पद्धत पडताळून देणे आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तेच निकाल येतात का ते बघणे, एवढे काम आम्ही विनामोबदला करायला तयार आहोत. चढउताराच्या चाचणीचा मसुदा आमच्याकडे लिहून तयार आहे. तो कोणाकडे पाठवायचा, तेवढे या पत्राच्या उत्तरात कळवावे.

आपले,
नागपुरातील औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक, संशोधक आणि फार्मासिस्ट